डाव्या खांद्यावरची कळी

बबन, तुझ्या दहाव्याला मी माइकवर चार मिनिटं बोललो. त्यातलं एकच वाक्य खरं होतं, आणि ते मी पुरं केलं नाही.

पवनेच्या काठावर मांडव होता. कीर्तन झालं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले. पंचायत समितीचे एक माजी सदस्य बोलले, त्यांनी तुझं नाव दोनदा चुकवलं. मग सूत्रसंचालकाने पुकारा केला, "विमानतळाचे परिसर समन्वय अधिकारी आणि कैलासवासी बबनरावांचे बालमित्र, सिद्धार्थ साहेब!" बबनराव. तुला उभ्या जन्मात कुणी बबनराव म्हटलं नव्हतं. मी उठलो आणि तू मनमिळाऊ होतास म्हणून सांगितलं. तू मनमिळाऊ नव्हतास. तू कुजकं बोलायचास आणि समोरच्याचा चेहरा पडला की मिशीत हसायचास. तू विकासाच्या बाजूने उभा राहिलास, असंही मी म्हणालो. समोर बसलेल्या माझ्या वरिष्ठांनी त्यावर मान डोलावली.

मग मला काय झालं माहीत नाही. मी म्हणालो, "बबनचं आणि माझं एक बोलणं अर्धं राहिलंय. त्या कौलाच्या दिवशी..." आणि विमान आलं.

तुझ्या वाडीला आता सवय झाली आहे. विमान आलं की बोलणारा असेल तिथे थांबतो, ऐकणारा थांबतो, भाकरी थापणारीचा हातसुद्धा थांबतो. विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे. कुणी कुणाला 'काय म्हणत होतास' असं विचारत नाही. दहाव्यालाही सगळा मांडव तसाच थांबला. भटजी थांबले. विमान गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणालो, "मृतात्म्यास शांती लाभो." आणि खाली बसलो.

हिरावहिनी बायकांत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तुझ्या बायकोचं ते बघणं मी घरी घेऊन आलो, म्हणून आता हा स्मृतिलेख लिहायला बसलो आहे.

तुला माझं काम कधी कळलं नाही, किंवा तुला ते पहिल्याच दिवशी कळलं. मी तुला समजावून सांगितलं होतं, की पठारावर विमानतळ होणार. विमानतळ आणि आजूबाजूचं शहर, गावं यांचं पटलं पाहिजे. आवाज, उंची, रस्ते, पाणी, पक्षी, या सगळ्यावरून भांडणं होतात. ती होऊ नयेत म्हणून मधे एक माणूस लागतो, तो मी. तू गवताची काडी चावत ऐकून घेतलंस.

"म्हंजी नवरा-बायकूला नांदवणारा."

"तसंच समज."

"इमानतळ नवरा. लोनावळं बायकू."

"हं."

"मग आमी कोन रं? मोलकरीन का?"

मी हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण तू त्या दिवशी जे म्हणालास ते मी पुढे सरकारी भाषेत लिहून दिलं.

लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमधली ती बैठक मी तुला कधी सांगितली नाही. आज सांगतो. हॉटेलवाले होते, बंगलेवाले होते. त्यांना विमानतळ हवा होता. पाहुणे घाटात तासन् तास अडकतात, ते थेट उतरले तर बरंच. पण विमान त्यांच्या हिरवळीवरून जाता कामा नये. एकजण म्हणाला, लोक इथे शांततेसाठी येतात. समोर पडद्यावर नकाशा होता, त्यावर आवाजाची रंगीत वर्तुळं होती आणि सगळ्यात गडद वर्तुळ त्यांच्या बंगल्यांवर होतं. "दुसऱ्या बाजूने नाही का येता येणार?" कुणीतरी विचारलं. अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं. तो बाहेरचा होता, त्याला फक्त उंच-सखल कळत होतं. माणसं कुठे आहेत ते मला कळत होतं, त्यासाठीच मला घेतलं होतं. मी उठलो, पडद्यापाशी गेलो आणि दुसऱ्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे नकाशात नुसता हिरवा रंग होता.

मी म्हणालो, "इकडून तक्रारी येणार नाहीत."

तुझ्या घराचं कौलारू छप्पर माझ्या बोटाखाली होतं, बबन. तुझ्या आईने मला नाचणीची भाकरी आणि चटणी वाढली ती जागा माझ्या बोटाखाली होती. माझे वडील धरणावर नोकरीला होते, आम्ही पायथ्याच्या वसाहतीत राहायचो आणि शाळा सुटली की मी तुझ्या मागोमाग वाडीवर चढायचो. वर जाताना ओढा लागायचा. त्याला पाणी असलं की तू मला पाठुंगळी घ्यायचास, कारण मला पोहता येत नव्हतं, आणि मधोमध आल्यावर "टाकू का? टाकू का?" करायचास. कधी टाकलं नाहीस. वडील गेले तेव्हा आम्ही वडगावला राहायचो; तू न बोलावता तिथे आलास, चालत कामशेतपर्यंत आणि पुढे मिळेल त्या गाडीने. तीन दिवस आमच्या ओट्यावर बसलास. एक शब्द बोलला नाहीस, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत राहिलास. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. आज म्हणतो. तू नसतास तर त्या तीन दिवसांत मी वेडा झालो असतो.

आणि मी बोट ठेवलं.

तक्रार निवारणाची व्यवस्था मी स्वतः उभी केली. मोबाइलवर नोंदवायची सोय होती: कुठे, किती वाजता, किती त्रास. लोणावळ्याहून रोज तक्रारी यायच्या, कुणाचा कुत्रा भुंकला, कुणाची योगासनं मोडली. वाडीवरून एकही नाही. वाडीत रेंज नव्हती. मला माहीत होतं की नव्हती. दर महिन्याच्या अहवालात त्या रकान्यात मी 'शून्य' लिहायचो आणि वरिष्ठ म्हणायचे, "तुमच्या लोकांचं सहकार्य चांगलं आहे."

दुसऱ्या बाजूने यायचं ठरलं आणि मधे देवराई आली. वाघजाईची राई, तुझ्या घराण्याने सांभाळलेली. अभियंत्याच्या भाषेत तो अडथळा होता: झाडांचे शेंडे विमानाच्या वाटेत येत होते. सगळी नाही, पण मोठी सगळी झाडं काढावी लागणार होती. वाडीने सांगितलं की राईत कुऱ्हाड लागत नाही. मग म्हातारे बसले, दोन दिवस बोलले आणि म्हणाले, देवीला विचारू. कौल लावू. तिने उजवा दिला तर तोडा, डावा दिला तर तुमचा विमानतळ घेऊन पुन्हा हिकडं फिरकायचं न्हाई.

वाचणाऱ्यांतल्या काहींना माहीत नसेल, म्हणून सांगतो. देवीच्या दगडाला दोन खांदे आहेत. दोन्ही खांद्यांवर एकेक पांढरी कळी नुसत्या पाण्याने चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. पाणी सुकत जातं, वारा लागतो, एक कळी पडते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल लावणारा तू. तुझ्याआधी तुझा बाप आणि त्याच्याआधी त्याचा.

आमच्या घरात देव नाही. धर्मांतराच्या वर्षी माझ्या आजोबांनी घरातले देवाचे टाक पवनेत सोडले. पुन्हा कधी दगडापुढे हात जोडले नाहीत, आम्हालाही जोडू दिले नाहीत. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. लहानपणी मी राईच्या तोंडाशी थांबलो होतो तेव्हा तुझा बाप म्हणाला होता, "ये की आत. हितं समदी येत्यात. वाघ बी येतो. कुनी पाया पडाय पायजे असं न्हाई." मी आत यायचो, पाया पडायचो नाही, सावलीत बसायचो. तुझ्या बापाने कधी काही म्हटलं नाही. आजोबांनी देव नाकारले ते माणूस मोठा व्हावा म्हणून. त्यांचा तो नकार मी माणूस फसवायला वापरला. 'आपल्यासाठी तर तो दगड आहे,' असं मी त्या सकाळी मनाशी म्हणत होतो. ते वाक्य आजोबांचं होतं. त्यांनी ते ताठ मानेने म्हटलं होतं, मी खाली वाकून म्हणत होतो.

त्या सकाळी मी लवकर वर आलो, सतरंज्या घालायच्या निमित्ताने. तू दगड धुतलास, शेंदूर लावलास आणि झऱ्यावर अंघोळीला गेलास, कारण कौल लावणाऱ्याने ओल्या अंगाने यायचं असतं. बाकी लोक अजून चढत होते. झऱ्याच्या वाटेवर उंबर आहे. त्याचा चीक तुला ठाऊक आहे, मलाही. आपण त्याने पतंग चिकटवायचो, फाटकी वही चिकटवायचो, एकदा तू माझी टोपी बाकाला चिकटवली होतीस. मी पान तोडलं. देठातून थेंब आला. देवीच्या डाव्या खांद्यावरच्या खळग्यात मी तो बोटाने फासला.

एवढंच. लिहायला दोन ओळी लागल्या, करायला तेवढाही वेळ लागला नाही.

मला भीती वाटत होती. डावी पडली तर माझी नोकरी गेली असती हे खरं. पण तेवढंच म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. मला मनापासून वाटत होतं की विमानतळ काहीही करून होणारच. वाडीने हो म्हटलं तर निदान रस्ता मिळेल, पाण्याची टाकी मिळेल. नाही म्हटलं तर पोलीस येतील. मी तुमचं भलं करतोय असं मला वाटत होतं. बबन, मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. चोराने चोरी करावी, पण उपकार केल्यासारखं तोंड करू नये.

तू ओल्या अंगाने आलास, कळ्या लावल्यास, गाऱ्हाणं घातलंस. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उजवी पडली. लोकांनी श्वास सोडला, दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या. मग सगळे प्रसादाकडे वळले आणि तू डावी कळी काढायला दगडाकडे गेलास. ती पाण्यात सोडायची असते. तुझी पाठ माझ्याकडे होती. तुझा हात दगडावर फार वेळ होता. मग तू वळलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "उजवा झाला. आईनं दिला."

मी प्रसाद खाल्ला.

झाडं पडायला आठ दिवस लागले. तू त्या आठ दिवसांत वाडीत नव्हतास, बहिणीकडे भाजे गावाला जाऊन राहिलास. परत आलास तेव्हा दगड उन्हात होता. मग राईतले पक्षी पठारावर आले, धावपट्टीच्या कडेच्या गवतात. विमानाला पक्षी चालत नाहीत. ते हाकलायला माणूस हवा होता आणि मी तुझं नाव सुचवलं. मैत्रीखातर! तोवर ज्या पाखरांवर तू कुणाला गलोल मारू दिली नाहीस, त्यांच्यामागे तू सुतळी बॉम्ब घेऊन कुंपणाच्या आत धावायला लागलास. अंगात केशरी जाकीट, कानात कापसाचे बोळे. मी ते काचेतून बघायचो.

आपलं शेवटचं खरं बोलणं त्या कुंपणापाशी झालं. दुपार होती, तू डबा सोडून बसला होतास. मी कसलासा फॉर्म घेऊन आलो होतो.

"शिद्या, उंबराचा चीक किती येळ वला ऱ्हातो रं?"

"काय?"

"न्हाई, आपलं इचारलं. पतंग चिकटवायचो तवा तू म्हनायचास, लगीच दाब, न्हाईतर सुकंल."

"बबन, तुला काय म्हणायचंय?"

"डावी कळी निगंना. नखानं खरवडली म्या. मग वास घेतला." तू भाकरीचा तुकडा मोडलास. "तो वास इसरत न्हाई मानूस."

आणि मी काय म्हणालो, आठवतं? मी ऑफिसातल्या आवाजात म्हणालो, "तुझ्याकडे काही पुरावा आहे का?"

तू हसलास. मिशीत नाही, चांगला तोंड उघडून. "हाय की. तू हाईस."

मी म्हणालो, तो दगड आहे बबन, माझा काही देव नाही, उगीच काहीतरी मनात धरू नकोस. तेव्हा तुझं हसू गेलं.

"देव तुजा न्हाई, ठावं हाय मला. पर मी तर तुजा व्हतो."

बोलायला पाहिजे होतं ते एकच वाक्य होतं आणि ते मला येत होतं. त्याऐवजी मी तुझ्यावरच चढलो. "मग तेव्हाच का नाही बोललास? सगळ्यांसमोर का म्हणालास, आईनं दिला म्हणून?"

"तवा बोललो असतो तर पोरांनी तुला तितंच गाडला असता. कोयतं व्हतं त्यांच्याजवळ." तू डबा बंद केलास. "म्या मैतर वाचवला. त्येच्यापायी आईच्या तोंडात खोटं घातलं. चीक तू लावलास, बोललो मी. आता सांग, मोटा चोर कोन?"

मी फॉर्म पुढे केला. तू सही केलीस आणि म्हणालास, "झालं, सायेब?"

त्यानंतर तू मला शिद्या म्हटलं नाहीस. भेटलास की सायेब. रस्त्यात, सणाला, हिरावहिनीसमोर, सगळीकडे सायेब. भावजी म्हणायचं सोडून तीही सायेब म्हणायला लागली. चहा मात्र दर वेळी दिलात, आणि तो चहा मला शिवीपेक्षा जड गेला.

मला तुझा राग आहे, बबन. स्मृतिलेखात असं लिहीत नाहीत, पण आहे. तू ओरडला असतास, माझी गचांडी धरली असतीस, वडगावला तहसीलसमोर बोंब मारली असतीस, तर मी सुटलो असतो. तू गप्प राहून मला वाचवलंस आणि मग रोज 'सायेब' म्हणून सोललंस. वाचवणं आणि सोलणं यातलं एक काहीतरी कर ना. आणि त्याहून मोठा राग याचा, की तू माझ्या पापात स्वतःचं नाव गुंतवून गेलास. आता मी खरं बोलायचं तर तुझंही बोलावं लागतं. तुझ्या मागे तुझी बायको आहे, भाऊ आहे, घराण्याचा मान आहे. 'बबनने कौल खोटा सांगितला' हे वाक्य मी कुठल्या तोंडाने म्हणू? गेली काही वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो: मी बबनच्या नावासाठी गप्प आहे. किती सोयीचं! तू जिवंत असताना माझ्या जिवाला आडोसा झालास, मेल्यावर माझ्या भित्रेपणाला.

तू कशाने गेलास ते लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पुढे काय झालं ते तुला माहीत नाही, तेवढं सांगतो.

तुझ्या दहाव्याहून परतताना गाडीत वरिष्ठ म्हणाले, धावपट्टी लांबवायची आहे. मोठी विमानं आणायची आहेत. वाडी खाली रस्त्याकडेला हलवावी लागेल. मग सहज म्हणाले, "मागच्या वेळचं ते देवीचं तुम्ही छान जमवलं होतं. तसंच काहीतरी बघा." त्यांना चीक माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की मला जमतं.

मी म्हणालो, "बघतो, सर." खरंच म्हणालो.

आणि वाडी तयार आहे, बबन. सगळी नाही, पण म्हातारी माणसं तयार आहेत, तुझा भाऊ शंकर तयार आहे. ते म्हणतात, पयल्या येळी आईनंच उजवा दिला. तिला हितं ऱ्हायचंच नसंल. आता बी तिलाच इचारू, ती म्हनंल तसं. म्हणजे माझ्या बोटाचा तो ओघळ आता देवीची इच्छा झाला आहे, आणि त्या इच्छेच्या जोरावर वाडी उठायला निघाली आहे. शंकर पहिल्यांदाच कौल लावणार. मला म्हणाला, "सायेब, मागच्या येळंसारकं तुमी सकाळी म्होरं या, सतरंज्या घालाया."

बाराव्या दिवशी दुपारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी नाचणी पाखडत होती. मी उंबऱ्यात बसलो आणि सगळं सांगितलं: पडद्यावरचं बोट, पान, चीक, कुंपणापाशी तू जे बोललास तेही. तिचं सूप एकदाही थांबलं नाही. माझं सांगून झालं तरी ती पाखडत राहिली.

मग म्हणाली, "मला ठावं हाय."

"बबनने सांगितलं?"

"झोपंत बडबडायचा. डावी, डावी म्हनायचा. मंग एक दिस म्याच इचारलं." तिने सूप खाली ठेवलं. "मला सांगून काय व्हनार, सायेब? तुमचं वझं माज्या दारात वतलं आन् चालला घरी. मी काय बामन हाय पाप घ्याया?"

"मी सभेत सांगतो."

"दहाव्याला सांगत व्हता. इमान आलं."

मी मान खाली घातली.

"इमान गेलं बी व्हतं," ती म्हणाली.

मी विचारलं, "बबनचं नाव घेऊ की नको?" ती उठली, सूप भिंतीला टेकवलं. "ते मला नका इचारू. त्येच्या नावानं लोकं थुकली तर मी काय करंन, ते मला बी ठावं न्हाई." आणि आत गेली. या खेपेला चहा आला नाही. बबन, चहा आला नाही म्हणून मला जरा बरं वाटलं.

सुतक फिटल्यावर सभा भरली, झऱ्याजवळ. उंबर अजून आहे. तो बुटका आहे, विमानाच्या वाटेत येत नाही, म्हणून वाचला. आता वाडीत सावली म्हणून तेवढीच. विमानतळ कंपनीची माणसं खुर्च्यांवर होती, वाडी जमिनीवर. कौलाचा दिवस ठरवायचा होता. शंकर उभा राहून बोलत होता. त्याचं झाल्यावर मी उभा राहिलो. वरिष्ठांना वाटलं मी रस्त्याबद्दल आणि टाकीबद्दल बोलणार. त्यांनी मला हातानेच खुणावलं, थोडक्यात घ्या.

मी थोडक्यात घेतलं. म्हणालो, "दुसरा कौल लावू नका. पहिला खोटा होता. डाव्या खांद्याला उंबराचा चीक मी लावला होता. या झाडाचा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एक पोरगा म्हणाला, "काय बोलतोय ह्यो?" मग कळलं. तुझ्या चुलत्याने काठी आपटली आणि माझ्या आईवरून शिवी दिली. एक म्हातारी छाती बडवून घ्यायला लागली: राई गेली, माझी राई गेली. वरिष्ठ उभे राहिले आणि इंग्रजीत माझं नाव घेऊन काहीतरी म्हणाले. शंकर माझ्या अगदी समोर आला. तो म्हणाला, "आन् माजा भाऊ? कळी त्येनं काडली व्हती. त्येला कळलं न्हाई?"

हाच प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. 'नाही, त्याला कळलं नाही,' एवढं म्हणता आलं असतं. कुणी शोधायला गेलं नसतं. तू धुतल्या तांदळासारखा राहिला असतास आणि शिव्या सगळ्या मला मिळाल्या असत्या, ज्या माझ्याच आहेत. चार बायकांपलीकडे वहिनी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघायचा धीर नव्हता.

मी म्हणालो, "शंकर, बबनला..."

आणि विमान आलं.

सगळे थांबले. सवयच ती. शिवी देणारा चुलता अर्ध्या शिवीत थांबला, छाती बडवणारीचा हात छातीवर राहिला. शंकर माझ्या तोंडासमोर तसाच उभा. कंपनीची माणसं तेवढी एकमेकांच्या कानात ओरडत होती. विमान उंबरावरून गेलं. पूर्वी जिथे राई होती तिथून त्याची सावली दगडावरून सरकली आणि पठाराकडे गेली. आवाज उतरत उतरत संपला. मी तरी गप्पच होतो. वाक्य माझं होतं.

मग बायकांमधून तुझ्या हिराचा आवाज आला.

"गेलं इमान. बोला म्होरं."